हनन्या आणि यिर्मया: आशावादी कोण?

आशावादी माणूस कोणाला म्हणावे, हे शिकवताना अर्ध्या पेल्याचे उदाहरण हमखास दिले जाते. पेला अर्धा भरलेला दिसला तो आशावादी, अर्धा रिकामा दिसला तो निराशावादी. शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासापासून युवकांच्या शिबिरापर्यंत आपण सर्वांनी हा पेला पाहिला आहे. उदाहरण सोपे आहे, म्हणूनच ते टिकले. पण त्यात एक गंमत आहे. पेल्याकडे पाहणारे दोघेही नुसते पाहत बसलेले असतात. तहान कोणाला लागली आहे, पाणी कोठून आले, विहिरीत अजून किती शिल्लक आहे, हे कोणीच विचारत नाही. जिला टँकरच्या रांगेत उभे राहावे लागते त्या बाईला पेला अर्धा भरला की अर्धा रिकामा, हा प्रश्न सुचणारही नाही. ती हंडा उचलते.

आशावाद म्हणजे पाहण्याची एक तऱ्हा, असे आपण धरून चालतो. ‘सगळे चांगलेच होईल’ असे ज्याला वाटते तो आशावादी. या समजुतीमुळे आपल्या घरांत, विशेषतः आजाऱ्याच्या खाटेपाशी, बरेच नुकसान होते असे आम्हांला वाटते. म्हणून या रविवारी त्याविषयी थोडे बोलू या. खाटेपाशी आपण शेवटी येऊच, पण वाट जरा लांबची आहे.

‘ऑप्टिमिझम’ हा शब्द तसा फार जुना नाही. लायब्निट्स या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७१० साली एक ग्रंथ लिहिला. परमेश्वर सर्वज्ञ आहे, सर्वसमर्थ आहे आणि चांगला आहे. तेव्हा त्याने निर्माण केलेले हे जग शक्य असलेल्या सर्व जगांमध्ये सर्वोत्तमच असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. फ्रान्समध्ये येशूसंघाचे धर्मगुरू चालवत असलेल्या एका नियतकालिकाने १७३७ साली या विचाराला, ‘सर्वोत्तम’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, हे नाव दिले. ते काही कौतुकाने दिलेले नव्हते.

पुढे १७५५ साल आले. १ नोव्हेंबर, सर्व संतांचा सण. लिस्बन शहरातील लोक सकाळच्या मिस्साला चर्चमध्ये जमले होते, तेव्हा भूकंप झाला. छपरे कोसळली, सणासाठी लावलेल्या मेणबत्त्यांनी आगी लागल्या आणि मागोमाग समुद्राची लाट नदीच्या मुखातून शहरात शिरली. हजारो माणसे गेली. (वसई पोर्तुगिजांच्या हातून जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती. नाहीतर आपल्या पूर्वजांना ही बातमी आपल्याच राजाच्या राजधानीची बातमी म्हणून ऐकावी लागली असती.) चार वर्षांनी व्हॉल्तेअरने ‘कांदीद’ ही कथा लिहून त्या ‘सर्वोत्तम जगा’ची टर उडवली. तिच्यातले गुरुजी अंगावर काहीही कोसळले तरी सर्व काही उत्तम चालले आहे, असेच म्हणत राहतात. व्हॉल्तेअर ख्रिस्तसभेचा मित्र नव्हता. परंतु या बाबतीत त्याचा राग अनाठायी होता असे आम्हांला म्हणवत नाही. जिचे मूल ढिगाऱ्याखाली गेले त्या आईला ‘जे झाले ते उत्तमच झाले’ असे सांगणे हा आशावाद नव्हे, निर्दयपणा आहे. आणि तसे सांगणारे केवळ लिस्बनमध्येच होते असे नाही. आपल्याकडेही मयताच्या घरी ‘देवाला चांगली माणसेच आवडतात’ असे म्हणून चहा पिऊन उठणारे आहेत.

पण तत्त्ववेत्त्यांपेक्षा पवित्र शास्त्रातली एक जोडी हा प्रश्न अधिक नीट समजावते. यिर्मयाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय घरी काढून वाचावा, अशी विनंती आहे. फार मोठा नाही.

इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाचा आरंभ. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेवर पहिला घाव घातला होता. तरुण राजा, दरबारी माणसे, कारागीर आणि मंदिरातील पात्रे तो घेऊन गेला होता. मागे राहिलेल्यांना एकच गोष्ट ऐकायची होती: हे संपणार कधी? आणि मंदिरात सर्व लोकांसमोर हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून म्हणाला, दोन वर्षांत. दोन वर्षांत बाबेलचे जू मोडेल, पात्रे परत येतील, नेलेली माणसे परत येतील. त्या दिवसांत यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत असे; बाबेलच्या सत्तेखाली राहावे लागणार आहे याची ती खूण होती. हनन्याचे बोलणे ऐकून तो काय म्हणाला? तो आधी ‘आमेन’ म्हणाला. परमेश्वर असेच करो, तुझे शब्द खरे ठरोत, असे म्हणाला.

हे ‘आमेन’ आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. यिर्मयाला वाईट बातमीची हौस नव्हती. हनन्याला जे हवे होते तेच त्यालाही हवे होते. फक्त ते तसे होणार नाही हे त्याला दिसत होते आणि दिसत असताना दिसत नाही असे म्हणणे त्याला जमत नव्हते. मग हनन्याने सर्वांच्या देखत त्याच्या मानेवरचे जू काढून मोडून टाकले. लोकांना केवढे बरे वाटले असेल! त्या दिवशी आपण तेथे असतो तर आपणही हनन्याच्याच बाजूने उभे राहिलो असतो, याची आम्हांला खात्री आहे. यिर्मया काही न बोलता निघून गेला. नंतर परमेश्वराचे वचन घेऊन तो परत आला: लाकडाचे जू मोडलेस, त्याच्या जागी लोखंडाचे येईल, आणि तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावलेस.

आता विचार करा. आपल्या नेहमीच्या व्याख्येप्रमाणे या दोघांत आशावादी कोण? उघडच हनन्या. त्याला पेला अर्धा नव्हे, काठोकाठ भरलेला दिसत होता. आणि शास्त्र त्यालाच खोटा संदेष्टा म्हणते.

पुढच्याच अध्यायात बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. त्या पत्रातले एक वचन आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. देवाच्या मनातील योजना आपल्या हिताच्या आहेत, त्या आपल्याला भविष्य आणि आशा देणाऱ्या आहेत, अशा अर्थाचे. वाढदिवसाच्या कार्डांवर, कॅलेंडरांवर, लग्नाच्या पत्रिकांवर ते छापलेले असते. अकराव्या ओवीत ते आहे. पण दहावी ओवी कोणी छापत नाही. तिच्यात ‘सत्तर वर्षे’ असे म्हटले आहे. म्हणजे ते पत्र ज्या प्रौढ माणसांनी हातात धरून वाचले त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीचा रस्ता दिसणार नव्हता. त्यांना यिर्मया काय सांगतो? घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलांची लग्ने करा. हनन्याची दोन वर्षे खरी मानली असती तर कोणी मळा कशाला लावला असता? गाठोडे बांधून लोक दाराशी बसून राहिले असते.

मग तो दिवस आला. इसवी सनापूर्वी ५८७ च्या सुमाराला बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला होता. शहर पडणार हे सांगितल्याबद्दल यिर्मया स्वतः राजवाड्याच्या चौकीत कैदेत होता. तशात त्याचा चुलतभाऊ हानामेल त्याच्याकडे आला आणि म्हणाला, अनाथोथचे माझे शेत तू विकत घे, सोडवून घेण्याचा हक्क तुझाच आहे. अनाथोथ म्हणजे यिर्मयाचे गाव, यरुशलेमेपासून तास-दीड तासाच्या चालीवर. तो सारा मुलूख तेव्हा शत्रूच्या पायाखाली होता. जमिनीचे व्यवहार आपल्या लोकांना सांगायला नकोत. ज्या जमिनीवर पाय ठेवता येत नाही, जिच्यावर दुसऱ्याचे सैन्य बसले आहे आणि घेणारा गजाआड आहे, ती जमीन कोण घेईल? असल्या वेळी भावकीतला माणूस जमीन गळ्यात मारायला येतो तेव्हा त्याचा हेतू काय असतो, तेही आपल्याला चांगलेच कळते.

यिर्मयाने ती घेतली. आणि घेतली ती कशी, हे शास्त्राने अगदी तलाठ्याच्या बारकाईने लिहून ठेवले आहे. सतरा शेकेल रुपे, म्हणजे आजच्या हिशेबाने दोनशे ग्रॅमच्या आसपास चांदी, तराजूत तोलून दिली. खरेदीखत लिहिले, सही केली, साक्षीदार उभे केले, मोहर लावली. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. चौकीत बसलेल्या सर्व लोकांदेखत ती खते बारूखच्या हाती दिली आणि सांगितले, ही मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, हा त्यामागचा देवाचा शब्द होता. शहर पडणार हे वर्षानुवर्षे सांगत आलेला माणूस, शहर पडायच्या बेतात असताना, आपल्या पदरचे पैसे मोजत होता.

खते बारूखच्या हाती दिल्यानंतर त्याने केलेली प्रार्थनाही तेथेच आहे. वेढ्याचे मोर्चे शहराला भिडले आहेत, शहर शत्रूच्या हाती गेल्यातच जमा आहे, आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असे तो देवाला म्हणतो. म्हणजे व्यवहार पुरा झाल्यावरही त्याच्या पोटात गोळा होताच. भीती गेली म्हणून त्याने शेत घेतले असे नाही.

त्याला ते शेत कधी कसता आले नाही. शहर पडले, पुढे लोकांनी त्याला मिसरात ओढून नेले आणि तेथून तो परत आल्याची नोंद शास्त्रात नाही. सायरस राजाने इसवी सनापूर्वी ५३८ साली यहुद्यांना परत जायची मोकळीक दिली. परतलेल्यांची जी यादी एज्राच्या पुस्तकात आहे ती आपण वाचताना बहुधा गाळतो, कारण नुसती नावे आणि आकडे. तिच्यात एक आकडा आहे: अनाथोथचे १२८.

तारीख ठरवणारी आशा माणसाला किती धोक्याची असते, याची साक्ष आपल्या काळातही सापडते. जेम्स स्टॉकडेल हा अमेरिकन नौदलातला वैमानिक १९६५ साली उत्तर व्हिएतनामवर पाडला गेला आणि सात वर्षांहून अधिक काळ हनोईच्या तुरुंगात राहिला. १९७३ साली तो सुटला. तुरुंगात कोण टिकले नाही, असे पुढे त्याला विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले, आशावादी लोक. नाताळपर्यंत सुटू, असे ते म्हणत. नाताळ येई आणि जाई. मग ईस्टरपर्यंत. ईस्टरही जाई. शेवटी त्यांचे मनच मोडून जाई. शेवट चांगलाच होईल यावरचा स्वतःचा विश्वास स्टॉकडेलने कधी सोडला नव्हता. पण आज काय आहे ते नाकारायचे नाही, हेही त्याने सोडले नव्हते.

त्याच देशात, युद्ध संपल्यावर, महागुरू फ्रान्सिस झेवियर न्ग्वेन व्हान थुआन यांना कम्युनिस्ट सरकारने १५ ऑगस्ट १९७५ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, अटक केली. तेरा वर्षे ते कैदेत होते, त्यांतली नऊ एकांतवासात. घरून लागतील त्या वस्तू मागवायला परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी पोटाचे औषध म्हणून थोडा द्राक्षारस मागवला. तीन थेंब द्राक्षारस आणि एक थेंब पाणी तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. अटकेनंतरच्या पहिल्याच महिन्यांत, एका लहान मुलाकडून जुन्या कॅलेंडरची पाने मिळवून, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते आपल्या लोकांसाठी रात्री चार-चार ओळी लिहीत. सुटकेची वाट पाहत दिवस घालवायचे नाहीत, हातातला दिवस भरायचा, असे त्यांनी ठरवले होते. २१ नोव्हेंबर १९८८ रोजी ते सुटले, २००१ साली कार्डिनल झाले आणि पुढल्याच वर्षी कॅन्सरने वारले. २००७ साली पोप बेनेडिक्ट महोदयांनी आशेवर परिपत्रक लिहिले त्यात त्यांची आठवण काढली आहे. दोन वर्षांत सुटणार, असे त्यांना कोणी सांगितले असते तर ती कॅलेंडरची पाने कोरीच राहिली असती, असे आम्हांला वाटते.

येथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, कारण तिच्यामुळे कित्येक चांगल्या माणसांना विनाकारण अपराधी वाटते. काही माणसे स्वभावानेच उदास असतात. त्यांना सकाळी उठल्यावर आधी ढग दिसतात. ‘तुमची श्रद्धा कमी पडते, म्हणून तुम्ही असे खिन्न’ असे त्यांना ऐकवले जाते, कधी कधी प्रार्थना मेळाव्यातही. यिर्मयाइतका उदास माणूस शास्त्रात क्वचितच सापडेल. आपल्या जन्मदिवसाला त्याने शाप दिला. लग्न केले नाही, मेजवान्यांना गेला नाही. हसतमुख माणूस ही देवाची देणगीच आहे, आणि अशी माणसे गावात आहेत म्हणून गाव चालते, यात शंका नाही. पण हसतमुख असणे वेगळे आणि आशा असणे वेगळे. एक स्वभाव आहे, दुसरी कृती आहे. शेत घेताना यिर्मया हसत होता असे कोठेही लिहिलेले नाही.

आता आजाऱ्याच्या खाटेपाशी येऊ या.

डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून सांगतात, रोग पसरला आहे, काही महिने. मुलगा डोळे पुसून आत येतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर म्हणाले, साधी गाठ आहे. पंधरा दिवसांत घरी.’ त्या दिवसापासून घरात दोन घरे होतात. फाइल कपाटात कुलपात जाते. भेटायला येणाऱ्यांना फाटकातच सांगितले जाते, ‘त्यांना काही बोलू नका.’ मग आपण आत जातो आणि सगळे मिळून हनन्याची वाणी सुरू करतो: ‘रंग तर चांगलाच दिसतोय की! पुढच्या महिन्यात वेलांकनीला जायचे आहे ना आपल्याला?’ आजारी माणूस छताकडे पाहत राहतो. बहुतेक वेळा त्याला कळलेले असते. स्वतःचे अंग स्वतःशी खोटे बोलत नाही. पण सगळे इतक्या आटापिट्याने नाटक करताहेत, म्हटल्यावर तोही आपली भूमिका करतो. ज्याला दोन शब्द बोलायचे होते, भावाशी बारा वर्षांचा अबोला संपवायचा होता, जमिनीचा कागद कोठे आहे ते सांगायचे होते, तो न बोलता जातो.

हे सारे प्रेमापोटीच होते, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. आणि सत्य एखाद्याच्या तोंडावर फेकावे असेही आम्ही म्हणत नाही. त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते त्यालाच हळूच विचारता येते. काही जणांना थोडेच हवे असते, काहींना काहीच नको असते, आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण ज्याला हवे आहे त्याच्यापासून ते आशेच्या नावाखाली लपवणे, हे आशेचे काम नव्हे.

याच कारणाने धर्मगुरूंना बोलावणे लांबणीवर पडते. ‘फादर आले तर बाबा घाबरतील, आपले संपले असे त्यांना वाटेल.’ दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच स्पष्ट केले की हा संस्कार फक्त शेवटच्या घटकेचा नाही आणि त्याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणेच अधिक योग्य. त्याला साठांहून अधिक वर्षे झाली. तरी अजून कित्येक घरांतून निरोप येतो तो रात्री दोनला, आजारी माणूस बेशुद्ध झाल्यावर. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या कपाळाला तेल लागते. तो शुद्धीवर असताना सर्वांनी मिळून म्हणायची प्रार्थना त्याच्या कानावरून निघून जाते.

बांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात शांती अवेदना सदन आहे. डॉ. ल्युईस जोस डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केलेली ही संस्था कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे. भारतातली अशा प्रकारची ती पहिली. आमच्या अनेक वाचकांनी ती पाहिली असेल. रोग बरा करणारे उपचार जेथे थांबतात तेथून तिचे काम सुरू होते. दुखणे कमी करायचे, जखम स्वच्छ ठेवायची, तोंड कोरडे पडले तर ओले करायचे, सोबत बसायचे. बरे होऊन घरी जाल, असे तेथे कोणी कोणाला फसवून सांगत नाही. पेल्याच्या हिशेबाने पाहिले तर ती सर्वांत निराशेची जागा ठरायला हवी. पण ज्यांचा आशेवर विश्वास नाही अशी माणसे, ज्याच्याकडे थोडेच दिवस उरले आहेत त्याची चादर इतक्या काळजीने बदलत बसणार नाहीत.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका आजींना मार्चअखेरीस डॉक्टरांनी सांगितले की पावसाळा निघणे कठीण आहे. त्यांनी स्वतःच विचारले होते, म्हणून सांगितले. त्यांनी फादरना बोलावून घेतले, पापनिवेदन केले, अभ्यंग घेतला. मग एप्रिलच्या मध्याला सुनांना हाक मारून म्हणाल्या, यंदा मसाल्याच्या मिरच्या अजून अंगणात कशा आल्या नाहीत? घरचे एकमेकांकडे बघू लागले. या वर्षी राहू दे, असे थोरली म्हणाली. आजींनी ऐकले नाही. मिरच्या आणवल्या, हळद, धणे, तीळ, खसखस आणवले. खुर्ची ओट्यावर ठेवायला लावली. कोणती मिरची किती, काय आधी भाजायचे, काय शेवटी, हे त्यांच्या डोक्यातच होते, कागदावर कधी नव्हते. नातीने वही आणून ते लिहून घेतले. मध्येच त्या दमत, आत नेऊन निजवावे लागे, तासाभराने पुन्हा बाहेर. नेहमीप्रमाणे वर्षाचाच मसाला केला, कमी नाही. बाटल्या कोरड्या करून, दाबून भरून, बुचे घट्ट लावून फळीवर ठेवल्या. जुलैत त्या गेल्या. तो मसाला पुढच्या मेपर्यंत पुरला.